जुन्या ऑटोमॅटिकचा आवाज कधी येतो ते सोडा, कधी थांबतो ते बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०११ ची आय-टेन १.२ ऑटोमॅटिक, ९४ हजार किमी, पुण्यात सेकंड हँड घेतलेली. सिग्नलला डी (ड्राइव्ह) वर ब्रेक दाबून उभं राहिलं की 'घूंऽऽ' येतो, डी वरून आर (रिव्हर्स) टाकला की 'खट्ट' होतं, आणि ५५-६० च्या आसपास हलक्या पायाने चालवताना गाडी मधेच खरखरते, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून गेल्यासारखी. एका गॅरेजवाल्याने पाच मिनिटं चालवून सांगितलं की गिअरबॉक्स गेलाय, उतरवावा लागेल, ८५ हजार धरून चाला. आता विकू का करून घेऊ?

दादा, विकायची घाई करू नका आणि गिअरबॉक्स उतरवायची तर अजिबातच नको. मी पुण्यात २७ वर्षं हेच काम करतोय, त्यातली निम्मी फक्त ऑटोमॅटिकची, आणि जुन्या गाडीत तीन आवाज असले तर बहुतेक वेळा ती तीन वेगवेगळी दुखणी निघतात हे मी इतक्यांदा बघितलंय की आता हसू येतं. गिऱ्हाईक तिन्ही एका दमात सांगतं, मिस्त्री तिन्हीची एकच मोळी बांधतो आणि मोळीवर एकच किंमत टाकतो.

आवाज कधी येतो हे सगळेच सांगतात. कधी थांबतो हे कोणी सांगत नाही, आणि मला तेच पाहिजे असतं. गाडीत काही गोष्टी इंजिनाबरोबर फिरतात, काही चाकाबरोबर फिरतात, आणि काही दोघांच्या मधे लटकलेल्या असतात. आवाज ज्या क्षणी बंद झाला त्या क्षणी काय फिरायचं थांबलं, किंवा कशावरचा लोड गेला, एवढं सापडलं की अर्धं काम झालं.

हे मला फुकट नाही कळलेलं. मी हेल्पर होतो तेव्हाची गोष्ट, झेन ऑटोमॅटिक आलेली, तीन गिअरवाली, आरपीएमबरोबर, म्हणजे इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर, चढणारी शिट्टी. मी ठामपणे म्हणालो गिअरबॉक्सचा ऑइल पंप गेलाय. उस्ताद बाहेरगावी होते, मी आणि अजून एक पोरगा मिळून दिवसभर खपून गिअरबॉक्स खाली घेतला, उघडला, पंप चकाचक. परत बसवला, नवीन ऑइल, स्टार्ट, शिट्टी तश्शीच. संध्याकाळी उस्ताद आले, त्यांनी एकच विचारलं, "बेल्ट काढून बघितलास?" बेल्ट काढला, शिट्टी गायब. अल्टरनेटरची पुली हाताने फिरवली तर आत वाळू भरल्यासारखी खरखर लागली बोटांना. त्या दिवसापासून इंजिनाबरोबर चढणारा कुठलाही आवाज असला की मी आधी बेल्ट काढतो, अर्धा मिनिट इंजिन चालवतो (जास्त नाही, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप पण त्याच बेल्टवर असतो) आणि मगच पुढचं बोलतो. तुमच्या गाडीत पॉवर स्टिअरिंग इलेक्ट्रिक आहे त्यामुळे तो पंप तरी यादीतून बाद, राहिले अल्टरनेटर, एसी कॉम्प्रेसर आणि वॉटर पंप.

आता त्याच्याही आधी करायची गोष्ट म्हणजे गिअरबॉक्सचं ऑइल. एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड. लोकांना इंजिन ऑइल तोंडपाठ असतं आणि गिअरबॉक्समध्ये ऑइल असतं हे माहीतच नसतं. तुमच्या गिअरबॉक्सला एसपी-थ्री या जातीचं लागतं आणि तुमच्याकडे डिपस्टिक आहे हे नशीब समजा, हल्लीच्या बऱ्याच गाड्यांत तीही नसते. बघायची पद्धत महत्त्वाची. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागेवर उभी करा, ब्रेक दाबून लिव्हर सगळ्या जागी एकेक सेकंद फिरवून परत एन (न्यूट्रल) किंवा पी (पार्क) वर आणा, आणि इंजिन चालू ठेवून डिपस्टिक काढा, लेव्हल हॉटच्या खुणेत पाहिजे. आता गंमत बघा, होंडाची तेव्हाची सिटी घेतली तर तिथे इंजिन बंद करून एक-दीड मिनिटाच्या आत बघायचं असतं. त्यामुळे होंडावर हात बसलेला मिस्त्री तुमची आय-टेन इंजिन बंद करून बघतो, ऑइल खाली उतरून आलेलं असतं, त्याला भरपूर दिसतं, आणि प्रत्यक्षात गाडी कमी ऑइलवर चालत असते. कमी ऑइल म्हणजे पंप ऑइलबरोबर हवा ओढणार, आणि हवा ओढली की पंप घूं करणारच. जास्त भरलं तरी तेच होतं, आतले गिअर ऑइल घुसळून फेस करतात. मी फक्त लेव्हल बरोबर करून आवाज बंद केलेल्या गाड्या आहेत, त्याचे पैसे घ्यायला पण लाज वाटते.

डिपस्टिक पांढऱ्या सुती कपड्यावर टेकवा, टिश्यूपेपरचे धागे आत जातात. कोकम सरबतासारखा लाल डाग पडला तर छान. चहाच्या रंगाचा असेल तर बदलायचं राहून गेलंय. काळा आणि करपलेला वास म्हणजे क्लच प्लेटा जळल्यात, मग माझा सूरही बदलेल. आणि स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखा गुलाबी दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय, एकतर रेडिएटरच्या आतला ऑइल कूलर फुटलाय नाहीतर गाडी पुरात उभी होती. हे मुद्दाम सांगतोय कारण गाडी पुण्यातली सेकंड हँड आहे, आणि जुलै २०२४ मध्ये सिंहगड रोडला एकतानगरीत पाणी शिरलं तेव्हा पार्किंगमधल्या किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी बघितलंय. सीट कव्हर नवीन घालून गाडी विकता येते पण क्लच प्लेटांवरचं अस्तर ज्या गोंदाने चिकटवलेलं असतं त्याला पाणी लागलं की ते सुटतंच, आज नाहीतर सहा महिन्यांनी. सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढून बघा, शेवटच्या फूटभर पट्ट्यावर चिखलाची रेघ असते, ती पुसायची कोणाच्या लक्षात राहत नाही.

बरं, आता तुमचा घूंऽऽ.

डी मध्ये ब्रेक दाबून येतो, मग एन टाकल्यावर थांबतो का? तुम्ही लिहिलेलं नाही, आणि सगळं उत्तर तिथेच आहे. एन आणि पी मध्ये पण तसाच चालू राहिला आणि आरपीएमबरोबर चढला तर पंप, फिल्टर, ऑइल लेव्हल, नाहीतर तो बेल्टवाला प्रकार, कारण पंप थेट इंजिनाबरोबर फिरतो, त्याला तुम्ही कुठला गिअर टाकलाय याच्याशी देणंघेणं नाही. फक्त आर मध्ये आतलं प्रेशर वाढतं म्हणून पंपाचा आवाज आर मध्ये जरा जास्त येतो, ती एक खूण लक्षात ठेवा.

पण एन मध्ये बंद आणि डी, आर दोन्हींत चालू असेल तर नजर जाते टॉर्क कन्व्हर्टरकडे. बादलीत हात गोल फिरवला की पाणी फिरतं आणि पाण्यात सोडलेला तांब्या पण फिरायला लागतो, कन्व्हर्टर तेवढंच करतो. हात म्हणजे इंजिनाला बोल्टने जोडलेली बाजू, तांब्या म्हणजे गिअरबॉक्सकडे जाणारा टर्बाईन. एन मध्ये तांब्याला कोणी धरलेलं नसतं, दोघं जवळजवळ एकाच वेगाने फिरतात, मधल्या बेअरिंगला काही कामच नसतं. डी टाकून ब्रेक दाबला की चाकांनी तांब्या घट्ट धरून ठेवला, हात मात्र ७००-८०० आरपीएमने फिरतोय, दोघांमधला सगळा फरक त्या पातळ सुयांच्या बेअरिंगवर. ते झिजलं असेल तर तिथेच घूं करणार आणि गाडीने वेग धरला, दोघं बरोबर फिरायला लागले की गप्प होणार.

इथपर्यंत ऐकून गॅरेजवाला बरोबर होता असं वाटेल. थांबा. अगदी हीच लक्षणं दाखवणारा एक सोंगाड्या आहे आणि तो म्हणजे फाटलेलं माउंटिंग, इंजिन-गिअरबॉक्स ज्या रबराच्या ठोकळ्यांवर बॉडीला बसवलेले असतात ते. डी टाकला की इंजिन एका बाजूला ताणलं जातं, रबर बसलेलं असेल तर लोखंड लोखंडाला टेकतं आणि इंजिनाची थरथर सरळ बॉडीत उतरते. एन टाकला की ताण गेला, आवाज गेला. फरक ओळखायचा तो असा, माउंटिंगचा आवाज जाड असतो, कानापेक्षा स्टिअरिंगला आणि सीटला जास्त कळतो, मागच्या आरशातलं चित्र थरथरतं, आणि एसी लावून आयडल (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता असतात ते आरपीएम) थोडं वर गेलं की बऱ्याचदा तो कमी होतो. बेअरिंगचा आवाज बारीक असतो, हाताला काही लागत नाही, आणि आरपीएम वाढले की तोही वाढतो आणि चढ्या सुरात जातो. खात्री करायची तर लांब स्क्रूड्रायव्हर घ्या, टोक इंजिन आणि गिअरबॉक्स जिथे जुळतात त्या घंटेसारख्या भागावर टेकवा, मूठ कानामागच्या हाडाला लावा, आत एक माणूस ब्रेकवर पक्का पाय आणि हँडब्रेक ओढून बसवा आणि एन-डी-एन करायला सांगा. तुम्ही बाजूला उभे राहायचं, गाडीच्या समोर नाही, आणि ओढणी, मफलर, लांब बाही काही नको. बेअरिंग असेल तर कानात अक्षरशः दळणाचं जातं ओरडतं. माउंटिंग असेल तर तिथे विशेष काही नसतं, बाकी गाडीसारखीच घरघर.

याच वेळी तुमच्या 'खट्ट'चा पण निकाल लागतो. बॉनेट उघडं आहेच, डी-आर-डी करताना इंजिन किती उसळतं ते बघा. थोडं हलणार, ते साहजिक आहे. पण माणसाला उचकी लागल्यासारखं उडी मारत असेल तर माउंटिंग बदला, आणि सगळी एकदम बघून घ्या कारण एक फाटलं की बाकीच्यांवर भार येऊन ती पण वर्षभरात जातात. दुसरं बघायचं आयडल. थ्रॉटल बॉडीत (इंजिनात हवा सोडणाऱ्या झडपेत) कार्बन साचून किंवा कोणीतरी छेडछाड करून आयडल गरम गाडीत हजाराच्या आसपास राहत असेल तर नव्या गाडीत पण खट्ट होईल. मग राहतात ड्राइव्ह शाफ्टचे जॉईंट, वरचं रबरी कव्हर, म्हणजे बूट, फाटून ग्रीस उडालं असेल तर खाली चाकाच्या आतल्या बाजूला काळी पिचकारी मारलेली दिसते, आणि फुल स्टिअरिंग वळवून हळू चालवलं की कटकटकट. हे सगळं ठीक असून आर लागायला एक-दीड सेकंद लागतोय आणि मग धडाम बसतोय, असं असेल तर ते आतलं प्रेशरचं दुखणं, ते वेगळं.

एक खट्ट मात्र तुमचाच असतो. उतारावर थेट पी टाकून पाय काढला की गाडीचं सगळं वजन आतल्या एका छोट्या दातावर येतं, आणि निघताना लिव्हर ओढला की खटाक. ब्रेक दाबून आधी एन, हँडब्रेक ओढा, पाय सोडून गाडी हँडब्रेकवर बसू द्या, मग परत ब्रेक आणि पी. कात्रज-आंबेगावच्या चढावरच्या सोसायट्यांतून मला याच एका आवाजासाठी फोन येतात.

तिसरी तुमची खरखर. ही बहुतेक लॉक-अपची. ठराविक वेगाला, हलक्या पायाला, कन्व्हर्टरच्या आतला एक क्लच हात आणि तांब्याला एकमेकांशी बांधून टाकतो म्हणजे पेट्रोल वाया जाऊ नये. ऑइल जुनं झालं किंवा चुकीचं भरलं की तो क्लच धड पकडत नाही आणि धड सोडत नाही, थरथरतो. सरळ मोकळा रस्ता, मागे कोणी नाही हे आरशात बघून, खरखर सुरू झाली की अ‍ॅक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक नुसता टेकवा, मागचा दिवा लागेल इतकाच. बहुतेक गाड्यांत ब्रेकचा सिग्नल मिळाला की लॉक-अप सुटतो, आरपीएमचा काटा जरासा वर सरकतो, आणि खरखर त्याच क्षणी गेली तर संशय पक्का होत जातो. पक्का म्हणत नाही, होत जातो म्हणतोय, कारण लॉक-अपमध्ये इंजिन कमी आरपीएमवर लोड ओढत असतं आणि एखादी कॉइल किंवा प्लग कमजोर असेल तर ते पण नेमकं तिथेच अडखळतं. म्हणून आधी स्कॅनर लावून मिसफायर (एखादा सिलिंडर धड पेटत नाही ते) बघा, प्लग काढून बघा. मी कन्व्हर्टर म्हणून आलेल्या गाड्या प्लग बदलून परत पाठवल्यात.

लॉक-अपच असेल तर पहिला उपाय ऑइल बदलणं. ९४ हजारावर आधी कधी बदललंय का ते त्या मागच्या मालकाला विचारा, "लाइफटाइम ऑइल असतं" असं सांगितलं गेलं असेल तर विसरून जा. आणि "जुन्या ऑटोमॅटिकचं ऑइल बदललं की गिअरबॉक्स मरतो" हे जे ऐकू येतं त्यात तथ्य एवढंच की आधीच जळालेल्या क्लचच्या गाडीत लोक शेवटचा उपाय म्हणून ऑइल बदलतात, ती तशीही मरणारच होती, नाव ऑइलचं होतं. मशीन लावून प्रेशरने फ्लश करू नका मात्र. खालचा नट उघडला की सगळं ऑइल येत नाही, बरंचसं कन्व्हर्टरमध्ये आणि नळ्यांत राहतं, त्यामुळे जेवढं निघालं तेवढं मोजून भरायचं, चार-पाचशे किमी चालवायची, परत काढायचं, असं तीनदा. प्रत्येक वेळी मागच्या खेपेला काढलेलं ऑइल आणि आजचं काचेच्या बाटलीत शेजारी ठेवून रंग बघा, मजा येते. 'सगळ्या गाड्यांना चालतं' असं लिहिलेला डबा माझ्या गॅरेजमध्ये येत नाही, एसपी-थ्री म्हणजे एसपी-थ्री.

ऑइल काढताना मिस्त्रीच्या शेजारी उभे राहा आणि मॅग्नेट बघा, ड्रेन नटला किंवा चेंबरच्या तळाला असतो. बोटाने चोळल्यावर करडं, लोण्यासारखं मऊ काहीतरी लागलं तर ते एवढ्या किलोमीटरला असतंच. बोटाला टोचणारे तुकडे, चपटे कण, किंवा सुईसारखी बारीक काडी सापडली तर ती काडी बहुतेक त्या सुयांच्या बेअरिंगची आहे आणि मग गॅरेजवाल्याचं निम्मं बरोबर होतं. पिवळसर चकाकणारं, मॅग्नेटला न चिकटणारं काही दिसलं तर आतले बुश झिजतायत.

चालत्या गाडीतल्या आवाजाचं पण एक सांगून ठेवतो, तुम्हाला आज नसला तरी. पन्नासला सपाट मोकळ्या रस्त्यावर क्षणभर एन टाका (घाटात नाही, आणि इंजिन कधीच बंद करायचं नाही, ब्रेक दगडासारखा होतो), इंजिन आयडलला आलं तरी आवाज तसाच राहिला तर तो चाकाच्या बाजूचा, म्हणजे टायर, व्हील बेअरिंग किंवा डिफरन्शियल. वळणावर वाढतो-कमी होतो तो व्हील बेअरिंग. पुढचे टायर मागे टाकल्यावर आवाजही मागे गेला तर टायर. गिअर बदलला की आवाज बदलतो असा असेल तर ओडी (ओव्हरड्राइव्ह) बटण दाबून तिसऱ्यात आणून बघा, या चार गिअरवाल्यात तिसरा एकास एक असतो, आतला प्लॅनेटरीचा सेट (मधल्या गिअरभोवती फिरणारे छोटे गिअर) अख्खा एक गोळा होऊन फिरतो, त्यामुळे पहिल्या-दुसऱ्यात ओरडणारी गाडी तिसऱ्यात गप्प झाली तर गुन्हेगार प्लॅनेटरी. होंडाला ही युक्ती लावू नका, त्यांच्या त्या काळच्या ऑटोमॅटिकमध्ये प्लॅनेटरी नसून मॅन्युअलसारखे समांतर शाफ्टवरचे गिअर असतात. आणि आवाज कुठून येतोय ते कळत नसेल तर काचा खाली करून खंबाटकीच्या बोगद्यातून नाहीतर एखाद्या उड्डाणपुलाच्या कठड्याच्या कडेने जा, भिंत आवाज परत पाठवते, डावीकडचा आहे का उजवीकडचा ते लहान मूल पण सांगेल.

स्टॉल टेस्ट, म्हणजे डी मध्ये ब्रेक दाबून पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर, हे कोणी करायला लागला तर गाडीतून उतरवा त्याला. चांगल्या हातात पाच सेकंदांची टेस्ट आहे, नवख्या हातात ऑइल उकळतं. तसंच गाडी बंद पडली तर दोरी बांधून पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढू देऊ नका, इंजिन बंद म्हणजे पंप बंद, आतले गिअर कोरडे फिरतात.

शेवटी तुमचा हिशोब. माझा अंदाज, न बघता, माउंटिंग अधिक जुनं ऑइल. तो खरा निघाला तर काम काही हजारांत आटपतं. स्क्रूड्रायव्हरने बेअरिंग ओरडलं आणि मॅग्नेटवर काडी सापडली तर गिअरबॉक्स उतरवावाच लागतो कारण कन्व्हर्टर मधे अडकलेला आहे, पण उतरवणं वेगळं आणि आख्खा ओव्हरहॉल वेगळा, कन्व्हर्टर बदलून, कूलरच्या नळ्या धुऊन, आत क्लच ठीक असतील तर तसाच बसवता येतो, आणि बिलात हे दोन वेगळे लिहून मागा. नाना पेठेत किंवा कुर्ल्याहून जुना गिअरबॉक्स आणायचा सल्ला मिळेल, त्यावरचा कोड तुमच्या कोडशी जुळतो का ते आधी बघा आणि विकणाऱ्याकडून परत घ्यायची मुदत लिहून घ्या.

रविवारी सकाळी एवढं करा: गरम गाडीत ऑइल लेव्हल, बेल्ट काढून अर्धा मिनिट, बॉनेट उघडून एन-डी-एन-आर. मोबाईलवर व्हिडिओ काढा, एसी आणि पंखा बंद, रेडिओ बंद, आणि प्रत्येक वेळी लिव्हर हलवताना तोंडाने "डी", "एन" असं मोठ्याने बोला, नाहीतर मला नुसतं घूं ऐकू येतं आणि ते कधी थांबलं ते कळत नाही.